फोर्क झाल्यावर तुमचा जीडीबी कोणत्या प्रोसेसमध्ये आहे? नवख्यांसाठी पायरीपायरीने

२०२४ च्या खरिपात लातूर भागातल्या एका सोयाबीन खरेदी केंद्रावर आमचा वजनकाट्यांचा प्रोग्राम चालू होता. एक मुख्य प्रोसेस. काट्याकडून जोडणी आली की मुख्य प्रोसेस फोर्क करून, म्हणजे स्वतःची प्रत काढून, एक चाइल्ड प्रोसेस काढते. चाइल्ड वजन आणि ओलावा वाचते, पावती तयार करते आणि संपते. नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारनं खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर नेली, आम्ही प्रोग्राममध्ये तो आकडा बदलला, आणि त्यानंतर काही पावत्या निघेनाशा झाल्या. वजन व्हायचं, पावती यायची नाही. शेतकरी ट्रॅक्टर लावून रांगेत उभे, आणि मुख्य प्रोसेस मात्र ठणठणीत चालू.

मी दोन दिवस जीडीबीत, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून आत बघता येणाऱ्या डीबगरमध्ये, ब्रेकपॉइंट (प्रोग्राम जिथं थांबवायचा ती खूण) लावत होतो. तो एकदाही लागला नाही. शेवटी आमचे सीनियर दादा मागं येऊन उभे राहिले, स्क्रीनवरच्या दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले, "अरे, तू बापाला धरून बसलायस. लेकरू तिकडं मरायलंय."

नांदेड, परभणी, लातूर, संभाजीनगरच्या कॉलेजांतून नोकरीला लागलेली मुलं मला दरवर्षी हाच प्रश्न विचारतात, की चाइल्डमधला ब्रेकपॉइंट लागत का नाही, कारण कॉलेजात बहुतेक प्रोग्राम एकाच प्रोसेसचे असतात. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

एक सूचना आधीच. कमांड मी देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाका. शब्दांमधली जोडरेघ आहे तशीच ठेवा.

काय काय लागेल

- लिनक्स असलेली मशीन. मी उबुंटू धरून लिहिलंय.
- जीसीसी (सी कंपायलर) आणि जीडीबी. जीडीबी फार जुना नको. एकाहून जास्त प्रोसेस धरल्यावर थ्रेडचे (प्रोसेसच्या आत चालणाऱ्या धाग्यांचे) क्रमांक १.१, २.१ असे दिसत असतील तर तो पुरेसा नवा आहे.
- तुमच्या प्रोग्रामचा सोर्स, आणि मायनस जी (डीबगची माहिती ठेवणारा पर्याय) लावून केलेला बिल्ड. ओ-२ सारखं ऑप्टिमायझेशन काढून टाका, नाहीतर व्हेरिएबल विचारलं की «ऑप्टिमाइझ्ड आउट» एवढंच उत्तर येतं.
- पीएस आणि पीएसट्री, म्हणजे चालू प्रोसेसची यादी आणि झाड दाखवणाऱ्या कमांड.
- मशीनवर सुडोचा, म्हणजे अॅडमिन म्हणून कमांड चालवण्याचा, अधिकार. शेवटून दुसऱ्या पायरीला लागेल.
- एक वही. गंमत नाही, खरंच ठेवा. कोणता पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) कुणाचा हे लिहून ठेवलं की अर्धा गोंधळ तिथंच मिटतो.

१. जीडीबी उघडण्याआधी प्रोसेसचं झाड बघा

प्रोग्राम नेहमीसारखा चालवा आणि दुसऱ्या टर्मिनलवर «पीएसट्री -पी» देऊन मुख्य प्रोसेसचा पीआयडी द्या. किती चाइल्ड आहेत, त्या टिकतात की क्षणात संपतात, त्यांच्या पोटी आणखी चाइल्ड निघतात का, हे बघून वहीत लिहा.

«पीएस» मध्ये एखाद्या चाइल्डपुढं «डिफंक्ट» दिसलं तर ती मेली आहे, पण पेरेंटनं (तिला काढणाऱ्या प्रोसेसनं) वेट करून तिचा निकाल अजून घेतलेला नाही. आमच्याकडं उलटं होतं. पेरेंट वेट करत होती, पण मिळालेला निकाल न बघताच टाकून देत होती. सेगमेंटेशन फॉल्टनं, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावल्यानं, चाइल्ड मरते तेव्हा त्या निकालात सिग्नल ११ लिहिलेला असतो. तो लॉगमध्ये छापणाऱ्या दोन ओळी आमच्या कोडमध्ये असत्या तर माझे दोन दिवस वाचले असते. तुमच्या कोडमध्ये नसतील तर आजच घाला.

२. जीडीबी मुळात काय करतो ते लक्षात घ्या

फोर्क म्हणजे चालत्या प्रोसेसची प्रत. फोर्कच्या कॉलमधून दोघी बाहेर पडतात. पेरेंटला उत्तर म्हणून चाइल्डचा पीआयडी मिळतो, चाइल्डला शून्य मिळतं. त्या उत्तरावरून दोघींच्या वाटा फुटतात.

या फाट्यावर जीडीबीला ठरवावं लागतं की कुणाबरोबर जायचं. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर तो पेरेंटबरोबर राहतो आणि चाइल्डला सोडून देतो. सोडलेली चाइल्ड मोकळी पळते, आणि तुमचा ब्रेकपॉइंट तिच्या वाटेवरच्या कोडमध्ये असेल तर तो लागत नाही. तसं जीडीबी सांगतोही. «डिटॅचिंग आफ्टर फोर्क फ्रॉम चाइल्ड प्रोसेस» आणि पुढं पीआयडी, अशी ओळ चौकटी कंसात छापतो. दादांनी वाचली ती हीच ओळ. माझ्या स्क्रीनवर ती दोन दिवस येत होती आणि मी ती नेहमीची बडबड समजून सोडून देत होतो.

३. फक्त चाइल्ड बघायची असेल तर

प्रोग्राम सुरू करण्याआधी द्या:

«सेट फॉलो-फोर्क-मोड चाइल्ड»

मग ब्रेकपॉइंट लावा आणि «रन». आता फोर्क झाला की जीडीबी चाइल्डबरोबर जाईल आणि पेरेंटला सोडून देईल. एकच चाइल्ड असलेल्या साध्या प्रोग्रामला एवढं पुरतं.

सर्व्हरसारख्या प्रोग्रामला मात्र हे पुरत नाही. पहिल्याच फोर्कला जीडीबी त्या पहिल्या चाइल्डच्या मागं जातो. चूक चौथ्या काट्यावर होत असेल तर ती चौथी चाइल्ड पेरेंट काढणार, आणि पेरेंट तर हातातून सुटलेली. इथं «कॅच फोर्क» उपयोगी पडतो. तो दिला की प्रत्येक फोर्कपाशी जीडीबी थांबतो. मोड आधी पेरेंटच ठेवून पहिले तीन फोर्क «कंटिन्यू» करून जाऊ द्या, चौथ्याला थांबल्यावर मोड बदलून चाइल्ड करा आणि पुन्हा «कंटिन्यू». कुणाच्या मागं जायचं हे पुढं निघताना ठरतं, त्यामुळं त्या क्षणी बदललेला मोड लागू होतो.

४. दोघींनाही धरून ठेवा

खरं काम इथून सुरू होतं. रन करण्याआधी:

«सेट डिटॅच-ऑन-फोर्क ऑफ»

आता फोर्क झाल्यावर जीडीबी कुणालाच सोडत नाही. ज्या प्रोसेसबरोबर तो जातो ती चालते, दुसरी फोर्कच्या जागीच थांबून राहते. जीडीबीच्या भाषेत अशा प्रत्येक प्रोसेसला इन्फिरियर म्हणतात. शब्द विचित्र आहे, पण अर्थ एवढाच की जीडीबीच्या ताब्यातला एक प्रोग्राम. त्याला १, २, ३ असा जीडीबीचा स्वतःचा क्रमांक मिळतो. पीआयडी वेगळा, हा क्रमांक वेगळा. नवी मुलं इथं हमखास चुकतात आणि इन्फिरियरच्या जागी पीआयडी टाकून बसतात.

यादी बघायला:

«इन्फो इन्फिरियर्स»

ज्या ओळीपुढं तारा आहे, तिथं तुम्ही आत्ता उभे आहात. दुसरीकडं जायला:

«इन्फिरियर २»

बस, प्रोसेस बदलली. यानंतर «प्रिंट», «बीटी» (स्टॅक, म्हणजे कोणत्या फंक्शननं कोणाला बोलावलं त्याची यादी), «लिस्ट» जे काही द्याल ते दुसऱ्या प्रोसेसबद्दल असेल. «थ्रेड २.१» दिलं तरी तिथंच पोचता, म्हणजे दुसऱ्या इन्फिरियरचा पहिला थ्रेड. आणि सगळ्यांचे स्टॅक एकदम हवे असतील तर «थ्रेड अप्लाय ऑल बीटी». ही कमांड सगळ्या इन्फिरियरमधून फिरते. मी कुठल्याही नव्या भानगडीत आधी हीच देतो.

इथं तीन गोष्टींनी माणूस गोंधळतो.

पहिली म्हणजे, चाइल्डमध्ये गेल्याबरोबर «बीटी» दिली तर वर तुमचं फंक्शन दिसत नाही, सी लायब्ररीच्या आतली नावं दिसतात. घाबरू नका. चाइल्ड फोर्कच्या पोटातच थांबलेली असते. एकदोनदा «फिनिश» दिलं की तुमच्या कोडमध्ये येता.

दुसरी गोष्ट पत्त्यांची. दोन्ही प्रोसेसमध्ये एकाच व्हेरिएबलचा पत्ता सारखाच दिसतो. म्हणून मुलं समजतात की मेमरी एकच आहे, पेरेंटमध्ये «सेट व्हार» करतात आणि चाइल्डमध्ये बदल का दिसत नाही म्हणून डोकं धरून बसतात. पत्ता सारखा असला तरी घरं दोन आहेत. फोर्कनंतर एकीनं लिहिलेलं दुसरीला दिसत नाही. शेअर्ड मेमरी मुद्दाम मागून घेतली असेल तेवढीच सामाईक.

तिसरी गोष्ट «कॅच फोर्क» लावलेला असतानाची. थांबल्याबरोबर यादी बघितली तर नवी चाइल्ड त्यात नसते. एक «नेक्स्ट» द्या, मग ती दिसेल.

आमची चूक सापडली ती याच पायरीवर. चाइल्डमध्ये जाऊन «कंटिन्यू» केलं आणि सेगमेंटेशन फॉल्ट डोळ्यांसमोर आला. ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यासाठी कपातीच्या नियमाचा एक पॉइंटर, असं एक टेबल होतं. ० ते १२, म्हणजे १३ जागा. पूर्वी १२ च्या वरचा माल सुरुवातीच्या तपासणीतच परत जायचा. आम्ही त्या तपासणीतला आकडा १५ केला, टेबल तसंच राहिलं. ओलावा १४ आला की चाइल्ड टेबलाच्या बाहेर हात घालायची, जे मिळेल ते पॉइंटर समजून वापरायची आणि मरायची. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली.

५. जीडीबी अडकला असं वाटलं तर

ही पायरी नीट वाचा. मला येणाऱ्या फोनपैकी सगळ्यात जास्त फोन यासाठी असतात.

वाळूजच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या एका मुलीचा फोन आला होता. "सर, डिटॅच ऑफ केलं, कंटिन्यू दिलं आणि जीडीबी हँग झाला. दोनदा मशीन रीस्टार्ट केली." मी विचारलं, "तुझी पेरेंट फोर्कनंतर काय करते?" ती म्हणाली, "चाइल्ड संपायची वाट बघते." पुढचं तिचं तिलाच कळलं.

पेरेंट वेटमध्ये चाइल्ड संपण्याची वाट बघतेय, आणि चाइल्डला जीडीबीनं थांबवून ठेवलंय. «कंटिन्यू» दिल्यावर फक्त तुम्ही उभे असलेली प्रोसेस चालते. दुसरी हलत नाही. म्हणून पेरेंट जन्मभर वाट बघेल आणि तुम्हाला प्रॉम्प्ट मिळणार नाही. जीडीबी बिघडलेला नसतो, सांगितलं तेच करत असतो.

सुटका अशी:

- कंट्रोल-सी दाबा. पेरेंट थांबेल. «बीटी» मध्ये वेट दिसला की निदान पक्कं.
- «इन्फिरियर २» देऊन चाइल्डकडं जा.
- चाइल्डमध्ये हवं ते तपासा आणि «कंटिन्यू» द्या.
- चाइल्ड संपल्याची ओळ आली की «इन्फिरियर १» आणि पुन्हा «कंटिन्यू».

दरवेळी हा प्रवास नको असेल तर:

«सेट शेड्यूल-मल्टिपल ऑन»

यानं «कंटिन्यू» दिल्यावर सगळ्या इन्फिरियर एकदम सुटतात आणि कुठंही ब्रेकपॉइंट लागला की सगळ्या थांबतात. जिथं तो लागला त्या प्रोसेसमध्ये जीडीबी तुम्हाला आपणहून नेऊन उभा करतो. सोयीचं आहे, पण याची किंमतही आहे. «नेक्स्ट» देत एकेक ओळ पुढं जाताना बाकीच्या प्रोसेसही तेवढा वेळ पळत असतात. दोन प्रोसेसमधली चढाओढ शोधायची असेल तर मी हे ऑफच ठेवतो आणि कुणी कधी हलायचं ते स्वतः ठरवतो. हात दुखतात, पण क्रम आपल्या हातात राहतो.

याच्या जवळचाच एक सापळा व्हीफोर्कचा. व्हीफोर्कमध्ये चाइल्ड नवा प्रोग्राम सुरू करेपर्यंत किंवा संपेपर्यंत पेरेंटला कर्नलच थांबवून ठेवतो. तुम्ही स्वतः व्हीफोर्क लिहिला नसला तरी «सिस्टिम» किंवा «पॉसिक्स-स्पॉन» च्या आतून तो येऊ शकतो. अशा वेळी चाइल्डला धरून पेरेंट चालवायला गेलात तर जीडीबी स्पष्ट नकार देतो आणि डिटॅच-ऑन-फोर्क किंवा शेड्यूल-मल्टिपल बदलून बघा असं सांगतो. ते ऐका.

आणि घड्याळ. जीडीबी प्रोसेस थांबवतो, वेळ थांबवत नाही. चाइल्डकडून ३० सेकंदांत उत्तर नाही आलं तर तिला मारून टाका, असं पेरेंटमध्ये लिहिलेलं असेल, तर तुम्ही चाइल्डमध्ये निवांत स्टॅक वाचून होईपर्यंत मुदत उलटलेली असते. पेरेंट हलली की आधी चाइल्डला मारते. डीबगच्या बिल्डमध्ये असे टाइमआउट भरपूर वाढवून ठेवा.

६. ब्रेकपॉइंट कुणाचा?

साधा ब्रेकपॉइंट दोन्ही प्रोसेसना लागू होतो, कारण कोड तोच आहे. «इन्फो ब्रेकपॉइंट्स» मध्ये त्याच्याखाली १.१, १.२ अशा जागा दिसतात. लागल्यावर «थ्रेड २.१ हिट ब्रेकपॉइंट १» अशी ओळ येते, तिच्यातला पहिला आकडा बघायची सवय लावा. फक्त दुसऱ्या इन्फिरियरमध्येच थांबायचं असेल तर ब्रेकपॉइंटला अट जोडा: डॉलर, अंडरस्कोर, इन्फिरियर हे सलग लिहिलेलं व्हेरिएबल, मग दोन बरोबर चिन्हं, मग २.

क्रमांक पाठ करू नका. पुन्हा «रन» केल्यावर नव्या चाइल्डला पुढचा क्रमांक मिळू शकतो. मागच्या खेपेची २ या खेपेला ३ असेल आणि तुमची अट कधीच खरी होणार नाही. यादीत «नल» असं वर्णन असलेल्या नोंदी म्हणजे संपलेल्या प्रोसेस. «रिमूव्ह-इन्फिरियर्स» आणि त्यांचा क्रमांक देऊन त्या काढून टाका.

७. चाइल्डनं दुसराच प्रोग्राम सुरू केला तर

चाइल्ड एक्झेक करून वेगळा प्रोग्राम चालवत असेल तर जीडीबी त्याच इन्फिरियरमध्ये नव्या प्रोग्रामचे सिम्बॉल (फंक्शन आणि व्हेरिएबलची नावं) घेतो. त्या प्रोग्राममधल्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट आधीच लावायचा तर «सेट ब्रेकपॉइंट पेंडिंग ऑन» द्या, नाहीतर असं फंक्शन नाही म्हणून तो विचारत बसेल. «कॅच एक्झेक» लावून त्या क्षणी थांबता येतं. नवा प्रोग्रामही मायनस जी नं बिल्ड केलेला हवा, हे विसरायला होतं.

८. आधीच चालू असलेल्या प्रोसेसला जोडायचं असेल तर

केंद्रावरचा सर्व्हर बंद करून जीडीबीतून पुन्हा सुरू करणं शक्य नसतं. तेव्हा «जीडीबी -पी» आणि पीआयडी.

«ऑपरेशन नॉट परमिटेड» आलं तर ते उबुंटूच्या यामा या सुरक्षा व्यवस्थेमुळं. तिथली पीट्रेस-स्कोप ही किंमत १ असते, म्हणजे फक्त आपल्या पोटच्या प्रोसेसलाच जोडता येतं. ती ० करण्याचा सल्ला जागोजागी मिळेल. स्वतःच्या लॅपटॉपवर तात्पुरती करा हवी तर, पण केंद्रावरच्या मशीनवर सुडो लावून जीडीबी चालवा आणि ती किंमत तशीच राहू द्या.

सुडो लावूनही जोडलं जात नसेल तर दुसरं कुणीतरी आधीच जोडलेलं असेल. एका प्रोसेसला एका वेळी एकच ट्रेसर (तिच्यावर बाहेरून नजर ठेवणारा प्रोग्राम) चालतो, आणि एसट्रेसही त्यातच मोजला जातो. प्रॉक डिरेक्टरीत त्या पीआयडीच्या स्टेटस फाइलमध्ये «ट्रेसर-पीआयडी» ही ओळ बघा. शून्य नसेल तर तिथं लिहिलेली प्रोसेस तिला धरून आहे.

चाइल्ड क्षणात संपत असेल तर पीआयडी टाइप करेपर्यंत ती गेलेली असते. यासाठी जुनी, खात्रीची युक्ती म्हणजे चाइल्डच्या कोडमध्ये सुरुवातीला एक व्होलाटाइल व्हेरिएबल आणि ते शून्य असेपर्यंत एकेक सेकंद झोपणारं लूप. चाइल्ड तिथं थांबते, तुम्ही सावकाश जोडता, «सेट व्हार» नं ते व्हेरिएबल १ करता आणि पुढं जाता. हा कोड फक्त डीबग बिल्डमध्ये ठेवा. खऱ्या केंद्रावर गेला तर सगळे काटे तिथंच झोपतील.

९. सेटिंग जपून ठेवणं आणि बाहेर पडणं

वरची सेटिंग मी एका छोट्या फाइलमध्ये ठेवतो आणि «जीडीबी -एक्स» नं ती त्या प्रोजेक्टपुरती वाचायला देतो. होम डिरेक्टरीतल्या जीडीबी-इनिट फाइलमध्ये डिटॅच-ऑन-फोर्क ऑफ कायमचं घालू नका. मग इतर प्रत्येक प्रोग्रामची प्रत्येक चाइल्ड अडकून बसेल आणि कारण सापडायला दुपार जाईल.

बाहेर पडताना फरक ध्यानात ठेवा. «रन» नं सुरू केलेल्या प्रोसेस «क्विट» केल्यावर मारल्या जातात. «-पी» नं जोडलेल्या सोडून दिल्या जातात आणि चालू राहतात. दोन्ही प्रकार एकाच सत्रात असतील तर आधी «इन्फो इन्फिरियर्स» बघा आणि जी जिवंत राहायला हवी तिला «डिटॅच इन्फिरियर्स» आणि तिचा क्रमांक देऊन हातानं मोकळी करा. मग «क्विट». नंतर दुसऱ्या टर्मिनलवर «पीएस» मध्ये तिची अवस्था बघा. छोटा «टी» दिसत असेल तर ती अजून कुठल्यातरी डीबगरनं थांबवलेली आहे, आणि तिकडच्या काट्यावर कुणाचं तरी वजन अडकलेलं आहे.